उभं राहायची शिकवणी

मूल वर्षाचं झालं की आपोआप उभं राहतं, धपकन पडतं, परत उठतं, आणि घरातले टाळ्या वाजवतात. माझ्या वेळीही कुणीतरी वाजवल्या असतील. पण खरं उभं राहायला मी शिकलो ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी, दोन पोरांचा बाप झाल्यावर, छातीवर सरकारी बिल्ला लावून, एका चिनी कापडवाल्याकडून. या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाव खो खो हसलं, आणि सगळ्यांत जास्त माझी बायको हसली.

मी तालुक्याच्या कचेरीत पट्टेवाला होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. पट्टेवाल्याचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी सांगायचो, उभं राहणं. मामलेदाराच्या खोलीला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता, त्याच्या बाहेर मी. आत साहेब बसलेला, ओट्यावर अशील बसलेले, निंबाखाली वकिलाचे बैलसुद्धा पाय दुमडून रवंथ करत बसलेले. अख्ख्या आवारात उभा एकटा मी. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत. संध्याकाळी घरी येऊन वहाणा काढल्या की घोटे भरताच्या वांग्याएवढे फुगलेले असायचे.

बरं, सोडूनही देता येत नव्हतं. माझ्या सासऱ्यानं पोरगी मला दिलीच नव्हती, पट्ट्याला दिली होती. चांगली कापूस-केळीवाली स्थळं सोडून त्यानं पितळेचा बिल्ला पसंत केला होता, आणि बायको हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायची. "बापनी पट्टा देखीसन माले दिधी," ती म्हणायची, "पट्टा गया ते मी बी माहेर जासू." हसत म्हणायची, पण बोलायची ते करायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरच्या शेतावर दोन भाऊ आधीच होते. पट्टा उतरला असता तर मी त्यांच्याकडं सालदारासारखा राबलो असतो आणि वहिन्यांच्या हातची भाकरी मान खाली घालून खाल्ली असती. त्यापेक्षा तापीत उडी मारलेली बरी, असं मला तेव्हा वाटायचं.

त्यात नवा मामलेदार आला. पुण्याकडचा, पन्नाशी ओलांडलेला, जोड्यापासून पागोट्यापर्यंत कडक. आमची अहिराणी त्याच्या कानाला सोसायची नाही. कुणी "साहेब, मन्हं काम शे" म्हटलं की हा "नीट बोला" म्हणून गुरकावायचा. त्याचा पहिलाच हुकूम असा की पट्टेवाल्यानं भिंतीला टेकायचं नाही. मी टेकलेला सापडलो, एकदा. दुसऱ्यांदा टेकलो नाही तर सरळ पडलोच. आमची उभं राहायची पद्धत म्हणजे छाती पुढं, पोट आत, गुडघे खुंट्यासारखे ताठ, आणि साहेब समोरून गेला की श्वाससुद्धा बंद. वैशाखातली दुपार होती. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी चिकाच्या पडद्यासकट आत गेलो तो थेट एका वकिलाच्या अंगावर. वकील तेव्हा नेमका आपला अशील किती निराधार आहे ते सांगत होता.

मामलेदारानं मला पाणी दिलं नाही. कोर्टात निकाल द्यावा तसा आवाज काढून म्हणाला, "दिवाळीनंतर प्रांतसाहेब दफ्तर तपासायला येणार आहेत. त्यांच्यासमोर पडलास तर पट्टा तिथल्या तिथं काढून घेईन. दिवसभर नीट उभा राहिलास तर ठेवीन."

अव्वल कारकून लगेच म्हणाला, "रावसाहेब, माझा एक मेहुणा आहे. चांगला उंच आहे." जसं काही उंच माणसाला गुडघेच नसतात! मी त्या दोघांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

दसरा तोंडावर असताना तो चिनी गावात आला. गुजरातेकडून खापर गावचा बाजार करत सायकलवर आलेला, मागं रेशमी कापडाचं गाठोडं, पुढं कागदाची फुलं आणि पंखे. वय कळायचं नाही. चाळीस म्हणा, साठ म्हणा. धर्मशाळेत उतरला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या वेळी बायका पाण्याला निघाल्या तर हा धर्मशाळेमागच्या निंबाखाली उभा. हात असे गोल पुढं धरलेले, कणगीला मिठी मारावी तसे. डोळे अर्धे मिटलेले. पुढं जमिनीत एक उदबत्ती खोचलेली. तासाभरानं बायका परत आल्या तरी हा तसाच.

झालं! आमच्या लोकांना एवढं पुरे होतं. बारा-बारा वर्षं बसत नाहीत असे खडेश्री बाबा यात्रेत पाहिलेले, त्यातलाच हा एक, असं ठरून गेलं. चिन्यांमध्ये खडेश्री कसा, ही शंका फक्त एका म्हाताऱ्याला आली, आणि त्याला लोकांनी गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी पायाशी नारळ आले, हळदकुंकू आलं, एक बाई तर पोर घेऊन आली, पोराची नजर उतरवायला. त्या बिचाऱ्यानं वेळ कळावी म्हणून उदबत्ती लावली होती. ती विझली की त्याची कसरत संपली, एवढंच तिचं काम. पण उदबत्ती आणि उभा माणूस एका ठिकाणी दिसल्यावर आम्ही ऐकतोय कुणाचं!

चौथ्या दिवशी गर्दीची खबर कचेरीत पोचली. मामलेदारानं मला पाठवलं, कोण बाबा आहे बघून ये. मी धापा टाकत गेलो. सुजलेले पाय, त्यात घाई. "ए, चल कचेरीत," मी ओरडलो. तो हलला नाही. त्या दिवशी गर्दीपायी त्याची कसरत उशिरा सुरू झाली होती, उदबत्ती अजून बोटभर राहिली होती. मी परत ओरडलो. मग त्यानं सावकाश हात खाली घेतले, माझ्याकडं, माझ्या घोट्यांकडं, माझ्या वरखाली होणाऱ्या छातीकडं बघितलं, आणि अगदी गोड हसून म्हणाला, "तुम में दम नहीं. हम दम देगा."

आता सांगा! तुझ्यात दम नाही आणि मी तुला दम देतो, असं भर गावात, नारळ घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर, पट्टेवाल्याला कुणी म्हणावं? माझं डोकंच फिरलं. "सरकारी माणसाला दम देतोस?" म्हणत मी त्याचा दंड धरला आणि कचेरीत आणून उभा केला. अव्वल कारकुनानं आनंदानं लिहून घेतलं, सरकारी नोकरास दम दिला.

मामलेदार त्या दिवशी कामात होता. आरोपी म्हणून चिन्याला माझ्या शेजारी, चिकाबाहेर उभं केलं. अकरा वाजता उभा केला, बोलावणं आलं ते तीन वाजता. त्या चार तासांत मी या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर नाचत होतो. तो उभाच. हात मांड्यांशी सैल सोडलेले, तोंडावर माशी बसली तरी तसाच. मला वाटलं, मेला की काय उभ्या उभ्या? जवळ जाऊन ऐकलं तर श्वास चालू होता, झोपलेल्या लेकरासारखा.

आत गेल्यावर त्यानं हातवारे करून, पोटावर हात ठेवून, माझ्या धापांची नक्कल करून काय झालं ते सांगितलं. मामलेदार आधी ऐकत राहिला, मग इतका हसला की त्याचं पागोटं सरकलं. म्हणाला, "अरे मूर्खा, तुझा श्वास लागला होता म्हणून तुला श्वास द्यायला निघाला होता हा. हा चार तास उभा आहे. मी चिकातून बघतोय, त्यानं पाऊल हलवलं नाही. तू तमाशातल्या नाच्यासारखा थयथयत होतास." मग थोडं थांबून म्हणाला, "हा गावात आहे तोवर रोज सकाळी याच्याकडं जा आणि उभं राहायला शीक. हा हुकूम समज."

अव्वल कारकुनानं लेखणी वर करून विचारलं, "रावसाहेब, हे कोणत्या सदराखाली लिहू?"

घरी सांगितलं तेव्हा बायको पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणीतरी तिला विचारलं, "तुन्हा नवरा बाबा व्हई गया का वं?" तर ही सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाबा कसाना वं! उभा ऱ्हावाले शिकी ऱ्हायना." विहिरीपासून कचेरीपर्यंत मला तेच ऐकावं लागलं.

शिकवणी अशी. पावलांत हातभर अंतर. गुडघे ताठ नाहीत आणि वाकलेलेही नाहीत, जेमतेम सैल. कंबर खाली सोडायची, जसं काही आपण बसायला निघालोय पण पोचायचं नाही. खांदे पाडायचे. हात गोल, कणगीला मिठी. आणि मग काही करायचं नाही. हे काही न करणं मला सगळ्यांत अवघड गेलं, आणि अकरा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ते अवघड जावं याचं मामलेदाराला फार नवल वाटायचं.

श्वासाची तर आणखी गंमत. तो म्हणायचा, "पेट में दम." त्याच्या जिभेवर ट आणि ड एकच. मी ऐकलं, पेड में दम. हिंदी मला बाजारापुरती यायची, पण पेड म्हणजे झाड हे पक्कं ठाऊक. म्हणून मी तीन सकाळी निंबाच्या खोडाकडं तोंड करून, गाल फुगवून, त्या झाडाला फुंकत उभा राहिलो. मुंगळे माझ्या नाकावर चढले. चिनी गप्प. मागून कळलं, त्याला वाटलं आमच्या धर्मात झाडाला श्वास देत असतील, कशाला मध्ये बोला! त्याच्या पायाशी आम्ही नारळ ठेवतोय आणि तो माझ्या निंबपूजेचा मान राखतोय, असा सगळा प्रकार. चौथ्या दिवशी मला घेरी आली तेव्हा त्यानं न राहवून माझ्या बेंबीखाली पंजा ठेवला आणि म्हणाला, "इधर." मग उजेड पडला.

लोक मला अजून विचारतात की त्या उभं राहण्यानं काय होतं. पहिले आठ दिवस काही होत नाही. मांड्या चाळणी हलवल्यासारख्या थरथरतात, थंडीच्या सकाळी घाम फुटतो, आणि शिकवणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार करावासा वाटतो. मी केला, अहिराणीत, त्याला कळत नव्हतं म्हणून. नवव्या-दहाव्या दिवशी तळहात ऊन लागायला लागले. मग एका संध्याकाळी वहाणा काढल्या तर घोटे घोट्यांएवढेच होते. मी बायकोला बोलावून दाखवले. तिनं बोटानं दाबून बघितलं आणि चुलीकडं गेली. त्या दिवशी भाकरीवर लोणी जास्त आलं.

झोप लागायला लागली. जेवण पचायला लागलं. आणि माझा राग! मी रागीट माणूस, कालवणात मीठ जास्त झालं तर ताट सरकवणारा. तो राग जायला तयार नव्हता, पण यायला उशीर करायला लागला. एकदा कालवण खरंच खारट झालं होतं आणि मी पाणी घालून जेवलो. बायको घाबरली. कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमले बरं नही का?"

आता कुणी म्हणेल, मग हे अमृतच की. तसलं काही नाही. चिनी स्वतः सांगायचा की असं उभं राहणारा शंभर वर्षं जगतो, त्याला कसलाच आजार होत नाही. हे सांगताना त्याची दाढ ठणकत होती आणि गाल लाडवाएवढा फुगला होता. माझ्या बायकोनं लवंग कुटून पाठवली तेव्हा कुठं तो नीट बोलायला लागला. त्यामुळं शंभर वर्षांचं मी सोडून दिलं. घोट्यांपुरतं खरं मानलं.

दिवाळीच्या आधी दोन दिवस तो गाठोडं बांधून शहाद्याच्या बाजाराला निघाला. जाताना धर्मशाळेतले सगळे नारळ त्यानं मला दिले. मी सायकल थोडी ढकलून दिली. बरं नाही वाटलं. मी त्याच्यासमोर हात गोल धरून उभा राहिलो. तोही सायकल झाडाला टेकवून तसाच उभा राहिला. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

मग प्रांतसाहेबांचा दिवस आला. गोरा, तरुण, नाकाचं टोक उन्हानं लाल झालेलं. सकाळी आठला मोटारीतून उतरला आणि थेट मामलेदाराच्या खुर्चीवर बसला. खोलीत दुसरी खुर्ची होती, पण साहेबानं "बसा" म्हटलं नाही. म्हणून मामलेदार टेबलाच्या उजव्या अंगाला उभा. चिक वर गुंडाळलेला, दारात मी उभा. कागद सुरू झाले.

नऊ वाजले, दहा, अकरा. मी गुडघे सैल सोडले होते, श्वास बेंबीखाली. पाय दुखत नव्हते असं नाही, पण ते दुखणं पायातच राहत होतं. बारा वाजता साहेबानं डब्यातलं खाल्लं, बसल्या जागी, कागद वाचत. मामलेदार उभाच. अव्वल कारकून दर घटकेला बाहेर येऊन माझ्याकडं बघून जायचा, मी पडलो का ते बघायला. त्याचा मेहुणा ओट्यावर नवी टोपी घालून बसला होता.

दीडच्या सुमाराला मला मामलेदाराच्या गुडघ्यामागचं धोतर हलताना दिसलं. वारा नव्हता. त्याचे गुडघे ताठ होते, छाती पुढं, पोट आत, सगळं माझ्यासारखं, जसा मी वैशाखात होतो. डावा हात हळूच टेबलाच्या कडेला गेला. साहेबानं डोळे वर करून त्या हाताकडं बघितलं. हात परत आला. मानेवरून घामाची धार उतरत होती आणि कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडत चालल्या होत्या. पुढं काय होणार ते मला अख्ख्या तालुक्यात सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पड, म्हटलं मनात. पड एकदा साहेबाच्या अंगावर, आणि मग सांग मला पट्टा उतरवायला. तोंडात साखर घोळवावी तसा तो विचार मी थोडा वेळ घोळवला. पण त्या माणसाचं थरथरणं काही थांबेना, आणि मला ते बघवेना. माझेच पाय तिथं लावलेत असं वाटायला लागलं. पट्टेवाल्यानं बोलावल्याशिवाय आत जायचं नसतं. मी पेला भरला आणि गेलो. पाणी हातात देताना ओठ न हलवता म्हटलं, "रावसाहेब, गुडघे सैल सोडा. कंबर खाली. दम पोटात घ्या."

साहेबानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मामलेदारानं उत्तर दिलं. दोघांचं इंग्रजी मला कळलं नाही, पण नंतर अव्वल कारकुनानं सांगितलं की, पाणी उकळलेलं आहे असं हा म्हणतोय, असं रावसाहेबांनी सांगितलं. मी दारात परतलो. मला वाटलं आता संपलं, हुकूम मोडून आत गेलो, वर साहेबासमोर बोललो. मग बघितलं तर धोतर हलायचं थांबलं होतं. खांदे खाली आले होते. पोट, ते कडक इस्त्रीचं पोट, हळूहळू पुढं येत होतं आणि आत जात होतं.

साडेपाचला साहेबाची मोटार गेली. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मामलेदारानं सगळ्यांना बाहेर काढलं, कारकुनाला, मेहुण्याला, सगळ्यांना. स्वतः खुर्चीत पडला. जोडे काढले आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळत बसला. मी माझ्या जागी.

चोळता चोळता त्यानं विचारलं, "किती वर्षं उभा आहेस रे तू?"

"अकरा."

"अकरा वर्षांत तुला कुणी बस म्हटलं नाही?"

मी सावरायला हवं होतं. पण पाय सुधारले म्हणून जीभ थोडीच सुधारते! "म्हणायला हवं होतं ते तुम्हा साहेब लोकांनीच, रावसाहेब," मी म्हणालो.

गेला, म्हटलं. दिवसभर पायांनी राखलेला पट्टा जिभेनं घालवला. आता घरी जाऊन बायकोला काय सांगू, याची मी जुळवाजुळव करायला लागलो. मामलेदार उठला. अनवाणी. कोपऱ्यातली ती दुसरी खुर्ची त्यानं स्वतः ओढत आणली, माझ्यासमोर ठेवली, आणि तिच्यावरची धूळ हातानं झटकली.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. बसल्याबरोबर माझे दोन्ही पाय लटलटा कापायला लागले आणि काही केल्या थांबेनात. मामलेदार बघत होता. मी ते झाकले नाहीत.